गाळलेलं कलम

गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एका खासगी रुग्णालयात बाबांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. वय ७९. कन्नड येत नाही, हिंदी बेताचं, आणि भुलीतून बाहेर येताना तेही विसरलेलं. पहिल्या रात्री ते नुसतं "कळ येतेय, कळ येतेय" म्हणत होते. रात्रपाळीची नर्स केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली, पंचविशीची मुलगी. 'कळ' म्हणजे काय, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं. मग तिनं आणखी शब्द विचारले: मळमळ, तहान, लघवी, थंडी. हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर तिनं ते मल्याळम लिपीत लिहून घेतले. पहाटे मला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा ती बाबांच्या कानाशी वाकून विचारत होती, "आजोबा, कळ येतेय?" बाबांनी मान हलवून "नाही" म्हटलं.

मी तिला 'सिस्टर' म्हणत होते. दुसऱ्या दिवसापासून ती मला 'चेची' म्हणू लागली. मल्याळममध्ये चेची म्हणजे थोरली बहीण. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना बहीणच म्हणत होतो. फरक एवढाच, की तिच्या बाबतीत ते पदाचं नाव होतं.

दुसऱ्या रात्री मी प्रुफं तपासत बसले होते. तिनं विचारलं, काय करता? अनुवाद करते, म्हटल्यावर तिनं पर्समधून चार पानी कागद काढला. तिच्या नेमणुकीचा करार होता. ती बी.एस्सी. नर्सिंग झालेली, इंग्रजीतूनच शिकलेली. पण वकिली इंग्रजी ही वेगळीच भाषा असते. करारात होतं ते असं: तीन वर्षांचा बाँड, त्याआधी नोकरी सोडल्यास एक लाख रुपये भरायचे, मूळ प्रमाणपत्रं 'सुरक्षित ताब्यासाठी' रुग्णालयाकडे. पगार अठरा हजार. तिच्या आईचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. तिचा प्रश्न सरळ होता: "अभी छोड़ा तो पैसा देना पड़ेगा क्या, चेची?"

मी करार वाचला. शेवटच्या पानावर एक कलम होतं. कुटुंबातल्या व्यक्तीच्या गंभीर आजारपणासाठी, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडल्यास, बाँडची रक्कम माफ करून कर्मचाऱ्याला तातडीनं कार्यमुक्त करण्यात येईल. वाक्य गुंतागुंतीचं होतं, पण माझ्यासारखीला कळायला अवघड नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "कल ठीक से पढ़कर बताती हूँ."

असं का म्हणाले ते मला तेव्हाच ठाऊक होतं. बाबांना घरी सोडायला अजून चार दिवस होते. त्या मजल्यावर बाबांचे शब्द शिकलेली ती एकटीच होती.

हा लेख नर्सच्या पगाराबद्दल आणि नोकरीच्या शाश्वतीबद्दल आहे. पण त्याविषयी मी व्यवस्थेकडे बोट दाखवून सुरुवात केली असती, तर ते खोटं झालं असतं. व्यवस्थेला हवं असतं तेच त्या रात्री मलाही हवं होतं: तिनं जाऊ नये. आणि तिनं जाऊ नये यासाठी माझ्या हातात जे होतं ते मी वापरलं. त्यांच्याकडे तिची प्रमाणपत्रं होती, माझ्याकडे एक वाक्य.

आपल्या भाषांनी या कामाला कोणती नावं दिली आहेत, हे पाहण्यासारखं आहे. इंग्रजीतून आलेली 'सिस्टर' ही मठातली बहीण. तमिळमध्ये नर्सला 'सेविलियर' म्हणतात. या शब्दामागे जुन्या संगम काव्यातली 'सेविलित्ताय' उभी आहे, म्हणजे नायिकेला वाढवणारी दाई-आई. कन्नडमध्ये 'दादि', बंगालीत 'सेबिका'. मल्याळम वर्तमानपत्रांत नर्सना सर्रास 'भूमीवरच्या देवदूत' म्हटलं जातं. बहीण, दाई, सेविका, देवदूत. यांतल्या कोणालाही पगाराची पावती देण्याची पद्धत नाही.

मराठीत आपण 'सेवा' म्हणतो, आणि या शब्दाला दोन घरं आहेत. एका घरात रुग्णसेवा, देशसेवा, ईश्वरसेवा. दुसऱ्या घरात सेवाशर्ती, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती, सेवापुस्तिका. पहिल्या घरातली सेवा मोबदला मागत नाही, दुसऱ्या घरातली मोबदल्याशिवाय होत नाही. सरकारी कारकुनानं 'माझी सेवा वीस वर्षांची झाली' म्हटलं की आपल्याला लगेच त्याचं निवृत्तिवेतन आठवतं. नर्सनं तेच म्हटलं, तर आपण तिला फूल देतो. १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, हे फूल देण्याचे समारंभ गावोगावी होतात. ही बाई दिवा घेऊन फिरणारी म्हणून आपल्या लक्षात राहिली. ती उत्तम संख्याशास्त्रज्ञ होती, सैनिक जखमांनी किती आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी किती मरतात याच्या आकृत्या काढून सरकारला जाब विचारत होती, हे तितकंसं राहिलं नाही. दिव्याला उत्तर द्यावं लागत नाही, आकड्यांना द्यावं लागतं.

तेव्हा थोडे आकडे. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि केरळमधल्या खासगी रुग्णालयांत नर्सचे संप झाले. मागण्या साध्या होत्या: बाँड नको, मूळ प्रमाणपत्रं परत द्या, किमान वेतन द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानं केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. समितीनं शिफारस केली ती अशी: २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला त्या राज्याच्या सरकारी नर्सइतकं वेतन, १०० हून जास्त खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी महिन्याला २०,००० रुपयांहून कमी नाही. रजा, कामाचे तास, निवास अशा गोष्टीही सरकारी नोकरीच्या तोडीच्या असाव्यात. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे अंमलबजावणी राज्यांवर आली. केरळात २०१७ मध्ये पुन्हा मोठं आंदोलन झालं, तेव्हा २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली. केंद्र सरकारच्या रुग्णालयात सातव्या वेतन आयोगानुसार नर्सचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. माझ्या बाबांच्या उशाशी उभी असलेली मुलगी तेच काम अठरा हजारांत करत होती.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला पहिला मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो सज्जन माणसं घेतात. ते म्हणतात, माया विकत घेता येत नाही. पैशांची भाषा आली की सेवाभाव जातो. यात तथ्य असतं तर ते बाबांचं पोट उघडणाऱ्या शल्यविशारदालाही लागू झालं असतं. त्यांची फी मी ऐकली, भरली, आणि तिच्यामुळे त्यांची करुणा कमी झाली असेल असा विचारही मनात आला नाही. उलट, जास्त फी म्हणजे जास्त भरवसा, असंच आपण धरून चालतो. मग पैशानं फक्त नर्सचंच मन का बिघडावं? याचं उत्तर कामात नाही, काम कोण करतं यात आहे. हे काम बायकांचं मानलं गेलं आहे. त्यात रक्त, लघवी, पू यांना हात लावावा लागतो, आणि हात लावणाऱ्याला आपल्या समाजानं कधी धड मोबदला दिलेला नाही.

गीतेतल्या निष्काम कर्माचा दाखलाही दिला जातो. पण तो उपदेश कर्म करणाऱ्याला केलेला आहे. स्वतःच्या फळाची आसक्ती सोडणं ही साधना झाली. दुसऱ्यानं फळ मागू नये म्हणून त्याला तो श्लोक ऐकवणं याला साधना म्हणत नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगनं गेल्या. तो त्याग त्यांचा होता, कारण तो त्यांच्याकडून कोणीही वसूल करत नव्हतं. त्याग देता येतो. करारात कलम घालून तो घ्यायला लागलं, की त्याचं नाव बदलायला हवं.

आणि सेवा आणि वेतन यांचं वैर आपल्या परंपरेतही नाही. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून त्या झटल्या, तेव्हा ब्राह्मण घरातल्या बाईनं परपुरुषाच्या जखमा धुवायच्या, या कल्पनेनंच पुणं हादरलं होतं. पण दिराच्या दारात दोन वेळच्या भाकरीसाठी राबणाऱ्या विधवेला स्वतःच्या नावाचा पगार मिळणं म्हणजे काय, हे रमाबाईंना कळत होतं. संस्थेच्या नावात 'सेवा' होती आणि हेतूत स्वावलंबन. बिनपगारी सेवा तर त्या बायका घरात आधीपासून करतच होत्या.

दुसरा आक्षेप संपाचा. रुग्ण असहाय असतो, त्याला वेठीला धरणं हे पाप आहे. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. त्या चार दिवसांत मजल्यावर संप झाला असता तर मी काय केलं असतं, हे मी सांगितलंच आहे. पण असहायता फक्त संपाच्या दिवशीच येते का? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक नर्स हवी, आणि अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक. बाबांच्या कक्षात रात्री चौदा खाटा आणि ती एकटी. एका बाजूच्या म्हाताऱ्यांची सलाइन संपून नळीत रक्त चढलेलं मी पाहिलं, तेव्हा ती दुसऱ्या टोकाला कुणाला तरी उलटीसाठी धरून होती. त्या रात्री ते म्हातारे वेठीला धरलेले होतेच. फक्त त्याची बातमी होत नाही.

शिवाय कायद्याची भाषा पाहा. महाराष्ट्रात संप मोडायला 'अत्यावश्यक सेवा परिरक्षण' नावाचा कायदा आहे, लोक त्याला मेस्मा म्हणतात. इतर राज्यांत आणि केंद्रातही असे कायदे आहेत. अत्यावश्यक म्हणजे जिच्याशिवाय चालणारच नाही अशी. आणि त्याच सरकारी रुग्णालयांत नर्स नेमल्या जातात अकरा महिन्यांच्या करारावर, नाहीतर बाहेरच्या ठेकेदाराकडून. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्या या ठेकेदारी भरतीच्या विरोधातच. जाते म्हटलं की ती अत्यावश्यक, ठेवा म्हटलं की तात्पुरती. एकाच माणसाबद्दल ही दोन्ही विधानं खरी असू शकत नाहीत. जिच्या जाण्यानं जीव धोक्यात येतात असं आपण मानतो, तिच्या राहण्याची किंमत आपल्यावर देणं लागते. नाहीतर पहिलं विधान मागं घ्यावं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: हे पैसे शेवटी रुग्णाच्याच बिलात येणार. मी बाबांचं बिल घरी आणून पाहिलं. त्यात 'नर्सिंग चार्जेस' अशी वेगळी ओळ होती, दिवसाला आठशे रुपये. चौदा खाटा धरल्या तर दिवसाचे अकरा हजार दोनशे, महिन्याचे तीन लाख छत्तीस हजार. तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी धरून तिथे चार नर्स लागत असतील, तर त्यांचा मिळून पगार बहात्तर हजार. मान्य आहे, सगळ्या खाटा रोज भरलेल्या नसतात. त्या ओळीतून इतरही खर्च निघत असतील. माझा हिशेब कच्चा आहे. पण तिचं नाव लावून माझ्याकडून घेतलेले पैसे तिच्यापर्यंत किती पोचतात, हा प्रश्न कच्चा नाही.

नोकरीची शाश्वती हा पगाराहून वेगळा मुद्दा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. इथे अरुणा शानबाग यांची आठवण येणं अपरिहार्य आहे. कर्नाटकातल्या हळदीपूरहून मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आलेल्या या नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगारानं हल्ला केला. त्यानंतर त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. त्या वेळी मुंबईतल्या नर्सनी संप केला, स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या परिस्थितीसाठी. आणि के.ई.एम.च्याच नर्सनी अरुणाबाईंना पुढे ४२ वर्षं सांभाळलं. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचा महापालिकेचा प्रयत्न झाला, तोही नर्सनीच हाणून पाडला. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेचं तोंड भरून कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईला एकही शय्याव्रण झालेला नव्हता. १८ मे २०१५ ला त्या गेल्या.

ही कथा नेहमी देवदूतांची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, संप करणारे हात आणि अंग पुसणारे हात वेगळे नव्हते. दोन, हे ४२ वर्षं जमलं, कारण त्या बायका महापालिकेच्या कायम नोकरीत होत्या. अरुणाबाईंना काय आवडतं, कशानं त्या ओरडतात, घास कसा भरवायचा, हे एका पिढीच्या नर्सनं दुसऱ्या पिढीला सांगितलं. निवृत्त होणारीनं नव्या आलेलीला सांगितलं. दर अकरा महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या कक्षात हे ज्ञान साठेल कुठे? रुग्णाची नोंद फाइलमध्ये राहते. ओळख माणसात राहते, आणि माणूस टिकला तर टिकते. माझ्या बाबांचे दहा मराठी शब्दही एका पुठ्ठ्यावर आणि एका मुलीच्या डोक्यात होते. म्हणूनच तर ती जाऊ नये असं मला वाटत होतं. पण तिला टिकवण्याचा सरळ मार्ग, तिला राहावंसं वाटेल अशी नोकरी देणं, हा माझ्या हातात नव्हता आणि रुग्णालयाच्या मनात नव्हता. आम्ही दोघांनी स्वस्तातला मार्ग घेतला.

'शुश्रूषा' हा शब्द संस्कृतात 'श्रु' या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यातून आज्ञा ऐकणं, मग सेवा, मग आजाऱ्याची देखभाल. मल्याळममध्ये हाच शब्द चर्चमधल्या उपासनेलाही वापरतात. हा अर्थविस्तार एम.ए.ला असताना मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. तो प्रत्यक्षात पाहिला त्या पहाटे, पुठ्ठ्यावर लिहिलेला शब्द कानाशी वाकून उच्चारताना. ऐकण्याची इच्छा असलेलं माणूस खोलीत एकच होतं, आणि ती मी नव्हते.

बाबांना घरी सोडलं त्या दिवशी सकाळी मी तिला ते कलम समजावून सांगितलं. सोप्या इंग्रजीत लिहूनही दिलं, अर्ज कसा करायचा, काय जोडायचं, सगळं. तिनं कागद वाचला, घडी केली. मग विचारलं, "उस दिन भी यही लिखा था ना, चेची?"

मी हो म्हटलं.

ती काही बोलली नाही. बाबांचं ड्रेसिंग कसं बदलायचं हे मला दाखवायचं राहिलं होतं, ते तिनं दाखवलं. टाके ओले होऊ देऊ नका, ताप आला तर लगेच या. मग पुढच्या खाटेकडे गेली.

अनुवादात वाक्य गाळणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा दोष. चुकीचा शब्द माफ होतो, गाळलेलं वाक्य होत नाही, कारण वाचकाला ते गाळलं आहे हे कळायचा मार्गच नसतो. नर्सबद्दल आपण समाज म्हणून जे बोलतो, त्यातही असंच एक वाक्य गाळलेलं असतं. त्यागाचं वाक्य असतं, मायेचं असतं, बारा मेचं असतं. आपल्याला तिची गरज आहे म्हणून तिच्यावर आपला हक्क निर्माण होत नाही, उलट आपल्यावर तिचं देणं चढतं, हे वाक्य नसतं. पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा डॉक्टरांची फी विचारता तसं हेही विचारा: या कक्षात रात्री किती खाटांमागे एक नर्स असते, ती कायम आहे की करारावर, आणि तिची प्रमाणपत्रं कोणाकडे आहेत. उत्तर मिळणार नाही कदाचित. पण विचारणारे वाढले, तर हे प्रश्न बिलातल्या त्या ओळीला कधीतरी चिकटतील.

तिनं अर्ज केला की नाही, तिची आई कशी आहे, मला ठाऊक नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.